आठ महिने वापरलेली सोलापुरी चादर, सहा टॉवेल आणि त्यांची मजुरी

२०२५ च्या जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरत आली असताना, मी सोलापूरच्या पूर्वभागातील एका कारखानदाराच्या विक्री दालनातून दोन सोलापुरी चादरी आणि सहा टेरी टॉवेल विकत घेतले. साठ बाय नव्वद इंचांची चादर ७८० रुपयांना एक आणि तीस बाय साठ इंचांचा टॉवेल १९० रुपयांना एक पडला. ५ टक्के जीएसटी धरून पावती २,८३५ रुपयांची झाली. आठ महिने या वस्तू घरात रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. दालनाचे नाव देण्याचे मी टाळले आहे, कारण पुढे जे गुण आणि दोष सांगणार आहे ते त्या एका दालनाचे नाहीत. साखर पेठेपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत कोणत्याही दारात शिरलात तरी थोड्याफार फरकाने हेच मिळेल.

आधी चादरीबद्दल. सोलापुरी चादरीला आणि सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे नावावर विकला जाणारा माल पुष्कळ आणि खरा माल ओळखण्याची गरजही तेवढीच. ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे चादर उलटून पाहणे. वरच्या बाजूला मरून जमिनीवर पांढरा मोर असेल तर खालच्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून मोर दिसला पाहिजे, कारण ही वीण दुहेरी असते आणि जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांवरील भोके कोणता धागा वर आणि कोणता खाली राहील हे ठरवतात. छापील नक्षी असेल तर उलट बाजू फिकी आणि मुकी दिसते. माझ्या चादरी घरच्या काट्यावर प्रत्येकी एक किलो साडेतीनशे ग्रॅम भरल्या. पहिल्या धुण्यात मरून रंग थोडा उतरला, दुसऱ्यापासून पाणी स्वच्छ राहिले. घडीच्या रेषांवर आता किंचित फिकेपणा आला आहे, मात्र कापड धुण्यागणिक मऊ होत गेले आहे, आणि डिसेंबरच्या थंडीत अंगावर घेण्याची हीच चादर उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला चालते, हा तिचा जुना गुण अजून शाबूत आहे. किनारीची एक शिवण उसवली होती. ती घरीच घातली. या पैशांत याहून चांगली चादर मला ठाऊक नाही.

टॉवेलच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा निघाली, आणि त्या तक्रारीमुळेच हे परीक्षण लांबले. नवा टॉवेल पाणी टिपत नाही, ही तक्रार नव्हे. सुताला दिलेली खळ आणि वरचा गुळगुळीतपणा दोन धुण्यांत गेल्यावर तो टिपू लागतो, हे सोलापूरकरांना सांगावे लागत नाही. तक्रार वजनाची होती. सहांपैकी चार टॉवेल चारशे ग्रॅमच्या आसपास होते आणि दोन साधारण साडेतीनशेचे. हात फिरवला की त्या दोघांवरचे फासे, म्हणजे वर आलेली सुताची वेटोळी, आखूड असल्याचे लगेच कळत होते. मी ते परत नेले. मालकांनी वाद घातला नाही, स्वतःच्या काट्यावर वजन केले, दोन्ही बदलून दिले, आणि फाशांवरून अंगठा फिरवत म्हणाले, “हे रात्रपाळीचे आहेत, साहेब. पाईलच्या बीमला कुणीतरी ताण जास्त दिलाय.”

सेवेला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. माझे कुतूहल मात्र ‘कुणीतरी’ या शब्दावर अडकले. टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे ताणा (उभे धागे) गुंडाळलेले रूळ, असतात. एकावरचा ताणा घट्ट राहतो आणि त्यावर कापड उभे राहते. दुसऱ्यावरचा सैल सोडलेला असतो. आडव्या धाग्याच्या दोन फेकी कापडाच्या कडेपासून थोड्या अंतरावर थांबवायच्या आणि तिसऱ्या फेकीला फणीने तिन्ही एकदम पुढे ठोकायच्या. त्या धक्क्याने सैल धागे फुगून वर येतात, तेच टॉवेलचे फासे. सैल ताणा जितका मोकळा, तितका फासा उंच आणि टॉवेल जड. पण मोकळा ताणा गुंततोही जास्त, तुटतोही जास्त, आणि धागा तुटला की साचा, म्हणजे यंत्रमाग, थांबतो. मजुरी नगावर असलेल्या माणसाचा साचा थांबला की त्याची कमाई थांबते. म्हणजे माझ्या टॉवेलमधून कमी झालेले पन्नास ग्रॅम सूत कुणी लबाडीने काढून घेतले नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास एका माणसाने आपला साचा चालता ठेवण्यासाठी केलेली ती तडजोड होती.

दालनाच्या मागेच यंत्रमागांची शेड आहे. मालकांनी विनातक्रार आत नेले, याचीही नोंद करायला हवी. लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नसावे. शेडमध्ये शिरल्यावर पहिली पाच मिनिटे आवाजाशिवाय काहीच कळत नाही. धोटा या टोकाकडून त्या टोकाला आदळतो आणि तो आवाज कानांपेक्षा छातीत अधिक जाणवतो. दिव्यांच्या तारांवर, कोळ्यांच्या जाळ्यांवर, माणसांच्या भुवयांवर सुताची पांढरी पूड बसलेली असते. दाराजवळ एक बाई कांड्या भरत होत्या. नजर माझ्याकडे आणि बोटे कांडीवर, अशी त्यांची सवय. ज्या मागवाल्याशी मी बोललो तो पन्नाशीचा, घरची भाषा तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठीत बोलणारा. बोलता बोलता एक धागा तुटला. त्याने साचा थांबवला, दोन टोके शोधली, चिमटीत धरून गाठ मारली, जास्तीचे टोक तोडले आणि साचा पुन्हा सुरू केला. मला वाटते, हे सगळे मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवीपर्यंत उरकले होते. पाळी बारा तासांची. हप्ता आठवड्याला, नगावर. वीज गेली तर तो वेळ त्याच्याच खात्यावर.

माझ्याबरोबर पुण्याहून आलेला भाचा होता. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “मामा, हे सरळ शोषण आहे.” मालकांनी ते ऐकले आणि रागावले नाहीत; त्यांचे म्हणणे इतकेच होते की ही शेड बंद केली तर आतली माणसे उद्या कुठे जातील, हे या मुलाने सांगावे. जगभरात या विषयावर जे काही बोलले जाते ते बहुतेक या दोन वाक्यांतच मावते. मी त्या दिवशी दोघांनाही उत्तर दिले नाही. चादर चांगली होती, भाव वाजवी होता, आणि आपण सोयीस्कर गप्प बसलो आहोत हे मला ठाऊक होते.

नंतर एकदा मालकांनी मला टॉवेलच्या भावाची फोड पावतीच्या पाठीवर करून दाखवली. १९० रुपयांतला निम्म्याहून अधिक भाग सुताचा. मग रंगाई, वीज, शिलाई, धुलाई, भांडवलावरचे व्याज, वाहतूक, दालनाचा खर्च आणि त्यांचा नफा. विणणाऱ्याच्या वाट्याला एका टॉवेलमागे येणारी रक्कम चौकातल्या एका चहाच्या आसपास होती. मी विचारले, ती दुप्पट केली तर? टॉवेल दोनशेला जाईल, एवढेच. मी दोनशे दिले असते, तुम्हीही दिले असते. मालक हसले. त्यांचा बहुतेक माल माझ्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाकडे जात नाही; तो शेकड्याने उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि तो व्यापारी नगामागे दोन रुपयांसाठी पानिपतच्या टॉवेलवाल्यांना फोन लावतो. एकट्याने मजुरी वाढवली तर आपणच बाजारातून उठू, ही त्यांची भीती खोटी नाही. पण तिचा अर्थ असाही होतो की स्पर्धेत टिकण्यासाठी जे काही कापायचे ते शेवटी एकाच जागी कापले जाते, कारण सुताचा भाव, विजेचा दर आणि व्याज यांच्यापुढे मालकाचे काही चालत नाही आणि मागवाल्यापुढे चालते.

‘ही संधी आहे’ असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मी हलका लेखत नाही. दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी १९६० च्या दशकात कापड, विग आणि खेळणी स्वस्त हातांनी बनवूनच सुरुवात केली आणि एका पिढीत ते देश कुठल्या कुठे गेले. बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांनी लाखो बायकांच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पगार दिला. मजुरीची तुलना अमेरिकेतल्या मजुरीशी न करता त्या माणसाच्या दुसऱ्या पर्यायाशी करा, असे या बाजूचे म्हणणे असते आणि ते रास्त आहे. तेलंगणातून पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात आले ते इथली मजुरी आदर्श होती म्हणून नव्हे. मागे दुष्काळ होता आणि इथे हातमाग होता. आजही मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोटकडून येणारा माणूस पावसाचा हिशेब करूनच शहरात येतो.

मात्र हा युक्तिवाद एक शिडी गृहीत धरतो. पहिली पायरी हलकी असली तरी चालेल, कारण वरच्या पायऱ्या आहेत, असे त्यात न बोलता धरलेले असते. सोलापूरने ही शिडी उलटी उतरून पाहिली आहे, आणि म्हणूनच या प्रश्नावर या शहराला बोलण्याचा अधिकार आहे असे मी मानतो. १८७७ मध्ये इथे जुनी मिल उभी राहिली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली तेव्हा बेकार झालेल्या हातांची संख्या एवढी मोठी होती की केंद्र सरकारने १९५० मध्ये त्या एकाच कंपनीसाठी वटहुकूम आणि मग कायदा करून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घटना अमलात आली त्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सोलापूरच्या गिरणीवर खल चालला होता, हे आज इथल्या कॉलेजातल्या मुलांनाही माहीत नसते. गिरणीतला कामगार काही राजा नव्हता; पण आठ तासांची पाळी, भविष्य निर्वाह निधी, विमा योजनेचा दवाखाना आणि दारात बोलायला युनियन एवढे त्याच्याकडे होते. माझे आजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या फंडातून त्यांनी दोन खोल्या बांधल्या, त्यातल्याच एकीत आज या चादरी अंथरल्या जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांचे भोंगे थांबले आणि ज्यांच्या बापांना हे सगळे मिळत होते ती मुले यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तासांवर आली. त्यांच्यासाठी ही पहिली पायरी नव्हती. हात तेच, कौशल्य तेच, कापूसही तोच. फक्त जे हक्काचे होते ते मालकाच्या मर्जीचे झाले.

हे कसे घडते याचे तंत्र कंटाळवाणे आहे, पण तेच महत्त्वाचे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा घातली होती, महाराष्ट्राने ती पुढे वीसवर नेली. भविष्य निर्वाह निधीची मर्यादाही विसाचीच. नऊ तासांवर काम केले तर जादा वेळेला दुप्पट दर, ही कारखाना कायद्यातली तरतूद होती, तीही कारखान्यातल्या कामगारासाठी. मग एकाच छपराखाली भावाच्या नावाने आठ साचे, पत्नीच्या नावाने आठ आणि मुलाच्या नावाने आठ अशी पाटी लागते, मधे प्लायवूडचा पडदा येतो, आणि कागदावर कारखाना उरतच नाही. माझ्या टॉवेलच्या शेडमध्ये असे काही होते का, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

मागवाल्याला मात्र मी एक प्रश्न विचारला होता: एखाद्या दिवशी बारा तासांना नाही म्हटले तर काय होते? तो म्हणाला, “उचल आहे ना, सर.” मुलीच्या लग्नाला मालकांनीच उचल दिली होती, बिनव्याजी, अडचणीच्या वेळी, आणि ती हप्त्यातून थोडी थोडी कापली जाते. यात मालकांचा चांगुलपणा खरा आहे आणि तो पाश आहे हेही खरे आहे. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या शेडमध्ये चार पैसे जास्त मिळत असले तरी जाता येत नाही. भाच्याच्या आणि मालकांच्या वादात मला जे उत्तर सुचले नव्हते ते या चार शब्दांत होते. मजुरी किती, हा प्रश्न दुसरा. ती मजुरी घेणारा माणूस उठून जाऊ शकतो का, हा पहिला.

बांगलादेशात सावार इथल्या राणा प्लाझा या इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. त्याच इमारतीत एक बँक होती, दुकाने होती. त्यांनी लोकांना घरी पाठवले. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले गेले. २४ एप्रिलला इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे गेली. भिंत एक, तडा एक, तो दिसला सर्वांना. बँकेतला कारकून घरी राहू शकला आणि शिवणकाम करणारी बाई राहू शकली नाही. त्या कामगारांना गावाकडच्या शेतमजुरीपेक्षा जास्त पैसे मिळत होते, हे आकडे काढून दाखवता येईल आणि ते खरेही असेल. तरीही त्या सकाळी कुणाला नाही म्हणता आले आणि कुणाला नाही, हे त्या आकड्यांत दिसणार नाही.

आपल्याकडे हा विचार एका न्यायनिवाड्यात फार स्पष्ट मांडला गेला आहे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांसाठी जी बांधकामे चालली होती त्यांवरील मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते. त्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने असे ठरवले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी राबत असेल तर ती घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बंदी घातलेली वेठच आहे, कारण भूक आणि दारिद्र्य यांची सक्तीही सक्तीच असते. ‘तो राजीखुशीने आला आहे’ हे मालकांचे वाक्य या निवाड्यापुढे टिकत नाही. भाच्याला मी हे नंतर सांगितले, तेव्हा त्याला ते फार आवडले. मग मी त्याला आठवण करून दिली की त्याच्या कंपनीच्या दारातला रखवालदारही बारा तासच उभा असतो.

नाही म्हणण्याची ताकद कुठून येते, याची दोन उत्तरे सोलापुरातच पाहायला मिळतात. पहिले शहराजवळच्या कुंभारी गावाच्या रस्त्याला आहे. पूर्वभागातल्या घराघरांत बायका तेंदूच्या पानांत तंबाखू भरून बिड्या वळतात. हजार बिड्या वळायला जवळजवळ अख्खा दिवस जातो, मजुरी हजारावर मिळते, आणि कारखान्यात तपासणीला नेल्यावर छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचा दिवस फुकट जातो. घरबसल्या काम, मुले सांभाळून काम, असे त्याचे कौतुक होते. घर हाच कारखाना झाला की तंबाखूची पूड मुलांच्या अंथरुणावरही बसते, हे कौतुकात येत नाही. या बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि त्यातून कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला, त्यातली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी दिली गेली, आणि त्यांत बिडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगारही आहेत. मजुरी फारशी वाढली नाही, घर मात्र झाले. ज्या बाईला भाडे द्यायचे नसते तिला हजारामागचा दर पटला नाही तर दोन दिवस पाने परत पाठवता येतात. कोणत्याही कारखानदाराने आपल्या नफ्यातून हे दिलेले नाही आणि बाजाराच्या ओघानेही ते आलेले नाही.

दुसरे उत्तर मी शेवटी सांगतो, कारण ते मला दालनाच्या दारातच मिळाले.

मधे मे महिना गेला. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांत कारखान्याचे मालक आणि त्यांच्या घरातली माणसेही होती, एक लहान मूलही होते, कारण कुटुंब कारखान्याच्याच इमारतीत राहत होते. ही बातमी वाचल्यावर मालक म्हणजे शोषक आणि कामगार म्हणजे शोषित ही सरळ रेघ मला पूर्वीइतक्या निश्चिंतपणे ओढता येईना. आपल्या शहरातला मालक म्हणजे दूरच्या बंगल्यात बसलेला धनिक नव्हे. बऱ्याचदा तो त्याच छताखाली, त्याच सुताच्या ढिगाशेजारी झोपतो, आणि सुताला आग लागली तर पळायला वाट त्यालाही नसते. त्याच्यावर व्यापारी आहे, व्यापाऱ्यावर मोठे खरेदीदार आहेत, आणि त्या साखळीच्या टोकाला वजन करून टॉवेल परत नेणारा माझ्यासारखा गिऱ्हाईक आहे, ज्याने कापडाचे वजन केले आणि दाराला दुसरी वाट आहे का हे पाहिले नाही. त्यानंतर मी शेडमध्ये गेलो तेव्हा ते पाहिले. मागच्या बाजूला दार होते. त्यापुढे मालाच्या गाठी रचल्या होत्या. मी मालकांना तसे म्हटले आणि त्यांनी लगेच पोराला हाक मारून त्या हलवायला सांगितल्या. पुन्हा रचल्या गेल्या असतील का, हे पुढच्या खेपेला कळेल.

खरेदी करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. चादर जरूर घ्या, वजन करून घ्या, उलटी करून पाहा, आणि गडद रंगाची पहिली धुलाई वेगळी करा. टॉवेल घेताना दोन नग हातात तोलून पाहा. फरक जाणवला तर बदलून मागा, पण तो फरक कुठून येतो हे आता तुम्हाला माहीत आहे. शंभर रुपयांखाली मिळणारा टॉवेल घेऊ नका, तो चार महिन्यांत विरतो आणि त्यातली बचत कुणाच्या पाळीतून आली हे सांगायला नको. शेड दालनाला लागून असेल तर आत जाऊ का, असे विचारा. बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत. चादरीला माझे दहापैकी नऊ गुण, टॉवेलला सात, दालनाच्या वागणुकीला नऊ. शेडला मी गुण देत नाही. मला तिथे बारा तास काढावे लागलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात आणखी दोन टॉवेल घ्यायला गेलो होतो. भाव २०० झाला होता. मजुरी वाढवली का, असे मी विचारले, तर मालक म्हणाले, “सूत वाढलं, साहेब.” थोडे थांबून त्यांनी सांगितले की मजुरीही वाढवावी लागणार आहे, कारण रात्रपाळीला माणूस मिळेनासा झाला आहे, माझ्याशी बोललेल्या त्या मागवाल्याचा मुलगा पुण्याला गोदामात कामाला लागला, त्याने बापाची उरलेली उचल एकरकमी फेडली, आणि बाप आता फक्त दिवसाच येतो, तेही आठ तासांनंतर थांबत नाही. दालनाच्या काचेवर मराठीत आणि तेलुगूत एक कागद चिकटवला होता. साचेवाले पाहिजेत, असे त्यावर लिहिले होते, आणि खाली, पेनाने नंतर घातल्यासारखे, दर बोलून ठरवू.